हॉपरबाई आणि त्यांचं संकलन

आमच्या मंडळाच्या ई-अंकाचं काम करताना मला एका बाईंची ओळख झाली. तीही रात्री साडेअकरा वाजता, आणि एका चुकीमुळे.

अंकातले लेख टाइप होऊन येतात, मग मी ते एका मोफत प्रोग्रॅममधून काढून त्यांचं ई-पुस्तक बनवते. हे सगळं चुलतभावाने दिलेल्या जुन्या लॅपटॉपवर चालतं. त्यात एक पॅकेज मॅनेजर आहे. पॅकेज मॅनेजर म्हणजे कोठीवरचा माणूस समजा. आपण एक प्रोग्रॅम मागायचा, त्याला लागणारे बाकीचे दहा-बारा छोटे प्रोग्रॅम तो स्वतःच शोधून आणतो आणि जागेवर लावतो. त्या रात्री मी त्या कोठीवाल्यालाच अपग्रेड केलं. माझ्या जुन्या मशीनसाठी काही पॅकेजेस तयार मिळेनात, म्हणून त्याने ती मूळ कोडपासून बांधायला घेतली आणि पहिल्याच पायरीवर थांबला. संदेशाचा अर्थ असा की, तुमचा सी कंपायलर चालणारा प्रोग्रॅम बनवू शकत नाही.

सगळे लेख तयार, अंक सकाळी द्यायचा, आणि कंपायलर हा शब्द मला नीट माहीतही नाही. खरं सांगते, त्या वेळी वाटलं की हे आपलं कामच नव्हे. आपण साहित्यवाले, कशाला या फंदात पडलो?

शेवटी शब्दकोशच उघडला, कारण मला तेवढंच येतं. कंपायलरला मराठी प्रतिशब्द आहे संकलक. आपण लिहिलेला कोड मशीनच्या भाषेत नेणारा प्रोग्रॅम. पण मग त्याला अनुवादक का नाही म्हणत? संकलक तर गोळा करणारा. आपल्याकडे लोकगीतांचं संकलन असतं, पत्रांचं असतं. हा काय गोळा करतो? या प्रश्नाच्या मागे लागले आणि ग्रेस हॉपर भेटल्या. चूक सुटली दुसऱ्या दिवशी. ती कशी सुटली ते शेवटी सांगते, आधी बाईंची गोष्ट.

ग्रेस ब्रूस्टर मरे हिचा जन्म ९ डिसेंबर १९०६ चा, न्यूयॉर्कमधला. सात वर्षांची असताना घरातलं गजराचं घड्याळ कसं चालतं ते बघायला तिने ते उघडलं. परत जोडता येईना, म्हणून दुसरं उघडलं. असं करत करत घरातली सात घड्याळं खोलून झाली तेव्हा आईच्या लक्षात आलं. आईने शिक्षा केली नाही, फक्त हद्द घालून दिली की यापुढे एकाच घड्याळाशी खेळायचं. ग्रेसच्या वडिलांचे पाय आजारामुळे कापावे लागले होते. मुलींनीही मुलाइतकंच शिकावं, स्वतःच्या पायावर उभं राहावं, हा त्यांचा आग्रह होता.

माझ्यासारख्यांना धीर देणारी एक गोष्ट म्हणजे व्हासार कॉलेजच्या प्रवेशाच्या वेळी ही मुलगी लॅटिनमध्ये नापास झाली. पुढे जिने मशीनला भाषा शिकवली, तिची गाडी भाषेच्या पेपरातच अडली! वर्षभर थांबून ती पुन्हा गेली, १९२८ साली गणित आणि भौतिकशास्त्र घेऊन पदवीधर झाली, आणि १९३४ मध्ये येल विद्यापीठातून तिने गणितात डॉक्टरेट मिळवली. दरम्यान १९३० मध्ये व्हिन्सेंट हॉपर यांच्याशी लग्न झालं. ते साहित्याचे प्राध्यापक. मध्ययुगातल्या लोकांनी आकड्यांना कोणकोणते अर्थ चिकटवले यावर त्यांचं पुस्तक आहे. नवरा आकड्यांकडे साहित्यातून बघणारा, बायको गणितातून भाषेकडे निघालेली. हे लग्न टिकलं नाही, १९४५ मध्ये घटस्फोट झाला. हॉपर हे आडनाव मात्र त्यांनी शेवटपर्यंत ठेवलं.

व्हासारमध्येच त्या गणित शिकवत होत्या. नोकरी पक्की, मान होता. मग दुसरं महायुद्ध आलं आणि हॉपरबाईंना नौदलात जायचं होतं. वय जास्त, वजन ठरलेल्या मर्यादेपेक्षा सुमारे ७ किलो कमी, त्यात गणिताचे प्राध्यापक कॉलेजातच हवेत असा सरकारचा विचार. त्यांनी वजनाची सूट मिळवली, कॉलेजकडून रजा मिळवली आणि डिसेंबर १९४३ मध्ये, ३७ व्या वर्षी, नौदलाच्या राखीव दलात दाखल झाल्या. प्रशिक्षणात आपल्यापेक्षा कितीतरी लहान मुलींमध्ये त्या पहिल्या आल्या.

जुलै १९४४ मध्ये त्यांना हार्वर्ड विद्यापीठात पाठवलं गेलं. तिथे हॉवर्ड आयकेन यांच्या हाताखाली मार्क-१ नावाचं यंत्र होतं. लांबी सुमारे साडेपंधरा मीटर, म्हणजे आपल्या दोन वर्गांएवढी, आणि वजन जवळजवळ पाच टन. कागदी पट्टीवर भोकं पाडून त्याला एकेक सूचना द्यायची. बाईंनी ते यंत्र चालवायला शिकून घेतलं आणि त्याची ५०० हून जास्त पानांची माहितीपुस्तिका लिहिली. ती १९४६ मध्ये छापून आली. यंत्र वापरायचं कसं हे दुसऱ्याला कळेल असं लिहून ठेवणं, हे काम त्यांनी आयुष्यभर केलं.

तिथेच त्यांना एक गोष्ट दिसली. एकदा चाललेले सूचनांचे तुकडे, म्हणजे उदाहरणार्थ साइन काढायचा तुकडा, सगळे आपापल्या वहीत लिहून ठेवत आणि लागेल तेव्हा एकमेकांच्या वहीतून उतरवून घेत. उतरवताना चुका होत. डेल्टाचं चिन्ह कोणी ४ म्हणून लिही, इंग्रजी बी अक्षराचे १३ होत. शिवाय प्रत्येक नव्या प्रोग्रॅममध्ये तुकड्याची जागा बदलली की सगळे पत्ते बेरीज करून पुन्हा लिहायचे, आणि त्या बेरजाही चुकत. हस्तलिखितांचा अभ्यास करताना आपण पाठभेद शिकतो ना, लेखनिकाच्या डुलकीने ओवीच बदलते, तसंच हे. गणितातले मोठमोठे पदवीधर होते ते, पण नक्कल करताना सगळी माणसं सारखीच चुकतात.

याच काळातली पतंगाची गोष्ट बहुतेकांनी ऐकली असेल. ९ सप्टेंबर १९४७ रोजी मार्क-२ यंत्र अडलं, आणि एका रिलेमध्ये पतंग अडकलेला सापडला. तो काढून नोंदवहीत चिकटवला गेला. ती वही आज वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. हॉपरबाईंनीच बग हा शब्द शोधला असं सगळीकडे सांगतात, पण ते खरं नाही. यंत्रातल्या दोषाला बग म्हणायची पद्धत एडिसनच्या काळापासून होती, आणि पतंगही बाईंच्या हाताने निघाला नव्हता. गोष्ट मात्र त्यांनी आयुष्यभर रंगवून सांगितली. मला त्यातली वही महत्त्वाची वाटते. काय बिघडलं, कुठे बिघडलं, त्याची त्याच वेळी नोंद झाली. म्हणून तर आज ती गोष्ट खरी-खोटी करता येते.

चरित्र लिहिताना आपण माणसाला फार धुऊन-पुसून काढतो. म्हणून हेही लिहिते. युद्ध संपलं, लग्न मोडलं, वयामुळे नौदलात कायमची जागा मिळाली नाही आणि हार्वर्डमधली मुदतही संपत आली. त्या वर्षांत हॉपरबाई दारूच्या आहारी गेल्या. १९४९ मध्ये एकदा पोलिसांपर्यंत प्रकरण गेलं. मित्रांनी त्यांना सांभाळून घेतलं. त्याच वर्षी त्या फिलाडेल्फियातल्या एकर्ट-मॉकली यांच्या छोट्या कंपनीत लागल्या. तिथे युनिव्हॅक नावाचा संगणक तयार होत होता. चाळिशी उलटली होती, आणि ज्या कामामुळे आपण आज त्यांचं नाव घेतो ते अजून सुरूही झालं नव्हतं.

ते काम म्हणजे त्या वह्यांचा बंदोबस्त. बाईंनी ठरवलं की उतरवून घेणं आणि बेरीज करणं माणसाला जमत नाही आणि यंत्राला उत्तम जमतं, तर ते यंत्रानेच करावं. वापरून तावून-सुलाखून निघालेले तुकडे चुंबकीय फितीवर साठवायचे, प्रत्येकाला क्रमांक द्यायचा. प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने फक्त क्रमांक लिहायचे. यंत्र फितीवरून ते ते तुकडे काढेल, ओळीने लावेल, पत्ते जुळवेल आणि चालणारा प्रोग्रॅम हातात देईल. १९५२ मध्ये हे चाललं. त्याचं नाव ए-झिरो. तुकडे गोळा करून रचतो, म्हणून बाईंनी त्याला कंपायलर म्हटलं. तर ते संकलन इथलं होतं!

हे वाचताना मला आपली मांडवीजवळची सेंट्रल लायब्ररी आठवली. सयाजीराव महाराजांनी १९१० मध्ये विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालांना बडोद्यात आणलं आणि त्यांच्या देखरेखीखाली राज्यातली वाचनालयं उभी राहिली. गावोगाव पुस्तकांच्या लाकडी पेट्या फिरत. गावातल्या वाचकाने बडोद्याला यायची गरज नव्हती, आणि पुस्तक हाताने उतरवून घ्यायची तर नव्हतीच. पेटी गावात येई. गंमत म्हणजे बॉर्डन ज्या न्यू हेवन शहरातून आले, त्याच शहरात पुढे हॉपरबाई येलमध्ये शिकल्या. दोघांचा काही संबंध नाही. पण कोणीतरी एकदा नीट गोळा करून, क्रमांक लावून ठेवलं की ते हजारांना पोचतं, ही कल्पना एकच.

जाणकार सांगतात की ए-झिरो जे करत होता त्याला आज लिंकर किंवा लोडर म्हणतील. आजचा कंपायलर भाषांतर जास्त करतो. आणि गोळा करून जुळवायचं बरंचसं काम आता माझ्या त्या पॅकेज मॅनेजरसारख्या प्रोग्रॅमकडे आहे. म्हणजे त्या रात्री माझा लॅपटॉप अडला तो नेमका हॉपरबाईंच्या अंगणात. त्यांच्याही अंगणात लोक अडलेच. संगणक गणितं करतो, प्रोग्रॅम लिहीत नाही, असं ठाम मत असलेल्या लोकांनी चालणारा कंपायलर समोर असूनही बराच काळ त्यावर विश्वास ठेवला नाही.

पुढचं पाऊल भाषेचं. हिशेब करणाऱ्या, कोठी सांभाळणाऱ्या, पगारपत्रकं बनवणाऱ्या लोकांना गणिताची चिन्हं नकोशी वाटतात हे बाईंनी हेरलं. त्यांना साध्या इंग्रजी शब्दांत सूचना देता याव्यात, असा त्यांचा आग्रह. कंपनीच्या वरिष्ठांना दाखवायला त्यांनी एक छोटा प्रोग्रॅम इंग्रजी शब्दांत केला, मग तोच फ्रेंच शब्दांत आणि तोच जर्मन शब्दांत. बाईंचा मुद्दा साधा होता की यंत्राला सगळी फक्त चिन्हंच, एकाच्या जागी दुसरं घातलं तरी काम तेच. वरिष्ठ मात्र हबकले. अमेरिकेत बनलेल्या संगणकाला फ्रेंच-जर्मन कशी काय कळणार? फक्त इंग्रजीच वापरू, असं पुष्कळ समजावल्यावर प्रकरण पुढे सरकलं. घरी मराठी, कॉलेजात इंग्रजी आणि रिक्षात गुजराती बोलणाऱ्या मला हा प्रसंग वाचून हसूही आलं आणि थोडं वाईटही वाटलं. १९५० च्या दशकाच्या अखेरीस ही भाषा फ्लो-मॅटिक नावाने वापरात आली.

तोवर दुसरी पंचाईत झाली होती. प्रत्येक कंपनीचा संगणक वेगळा, त्याची भाषा वेगळी. यंत्र बदललं की सगळे प्रोग्रॅम पुन्हा लिहा. १९५९ मध्ये मेरी हॉज यांनी व्यवसायासाठी एक समान भाषा हवी असा विषय लावून धरला आणि मे महिन्यात पेंटॅगॉनमध्ये सगळ्यांची बैठक झाली. त्यातून कोबॉल ही भाषा तयार झाली. कोबॉलची आई म्हणून हॉपरबाईंचं नाव घेतात, पण ती समितीने केलेली भाषा. जीन सॅमेट आणि इतर अनेकांचं काम त्यात आहे. हॉपरबाई सल्लागार होत्या, आणि त्यांची फ्लो-मॅटिक हा तिचा मोठा आधार होता. डिसेंबर १९६० मध्ये दोन वेगळ्या कंपन्यांच्या संगणकांवर एकच कोबॉल प्रोग्रॅम जवळजवळ जसाच्या तसा चालवून दाखवला गेला. आज याचं कोणाला काही वाटणार नाही. तेव्हा ती मोठी गोष्ट होती.

१९६६ च्या अखेरीस, साठाव्या वर्षी, नौदलाने त्यांना निवृत्त केलं. आणि १९६७ च्या ऑगस्टमध्ये परत बोलावलं, सहा महिन्यांसाठी. कारण नौदलात कोबॉल होती, पण प्रत्येक कंपनीचा कोबॉल कंपायलर आपापल्या मर्जीने वागत होता. एकाला चालणारा प्रोग्रॅम दुसरा नाकारायचा. नाव एक, वागणूक वेगळी. बाईंनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर एक साधा उपाय केला. कंपायलरचीच परीक्षा घ्यायची. ठरवून लिहिलेले छोटे छोटे प्रोग्रॅम त्याला द्यायचे आणि तो नियमाप्रमाणे वागतो का ते तपासायचं. कंपनी काय सांगते यापेक्षा परीक्षेत काय येतं ते धरायचं. ते सहा महिने पुढे जवळजवळ १९ वर्षं चालले.

याच काळात त्या देशभर भाषणं देत फिरल्या. सोबत सुमारे ३० सेंटिमीटरचे तारेचे तुकडे असत. वीज एका नॅनोसेकंदात जास्तीत जास्त तेवढंच अंतर जाते, हे लोकांच्या हातात तार देऊन त्या समजावत. कार्यालयात उलटं फिरणारं घड्याळ लावलं होतं. आजवर असंच चालत आलंय म्हणून असंच चालवायचं, या वृत्तीवर त्यांचा राग होता. घड्याळही उलटं वाचता येतं, थोडी सवय लागते, एवढंच. मला त्यात घड्याळं खोलणारी ती सात वर्षांची मुलगी दिसते.

१४ ऑगस्ट १९८६ रोजी, ७९ व्या वर्षी, रिअर ॲडमिरल ग्रेस हॉपर बॉस्टनला यूएसएस कॉन्स्टिट्यूशन या जुन्या लढाऊ जहाजावर निवृत्त झाल्या. त्यानंतरही एका संगणक कंपनीत सल्लागार म्हणून काम चालूच होतं. १ जानेवारी १९९२ रोजी त्या गेल्या. आर्लिंग्टनच्या राष्ट्रीय दफनभूमीत त्यांना लष्करी मानाने पुरलं. २०१६ मध्ये त्यांना मरणोत्तर प्रेसिडेन्शियल मेडल ऑफ फ्रीडम मिळालं, आणि पुढच्या वर्षी येलमधल्या एका कॉलेजला त्यांचं नाव दिलं गेलं.

आता माझ्या चुकीचं. दुसऱ्या दिवशी रविवार होता. मिस्साहून आल्यावर पुन्हा बसले, पण या वेळी रडत नाही. मूळ कोडपासून पॅकेज बांधायच्या आधी कॉन्फिगर नावाची एक पायरी असते. ती कंपायलरला एक अगदी छोटा प्रोग्रॅम देऊन बघते, जमतोय का. म्हणजे हॉपरबाईंची परीक्षाच! तिथे कंपायलर नापास झाला, म्हणून तो संदेश. आणि जे जे केलं त्याची ती कॉन्फिग डॉट लॉग नावाच्या फाइलमध्ये नोंद ठेवते. पतंगाची वही. त्या वहीचा शेवट वाचून काही कळत नाही, तिथे नुसती सेटिंग्जची यादी असते. वर जाऊन पहिली चूक शोधावी लागते. शोधली. यंत्र ज्या कंपायलरला हाक मारत होतं, त्याच्या नावापुढे एक जुना आवृत्ती-क्रमांक होता, आणि तो कंपायलर अपग्रेडमध्ये केव्हाच काढून टाकला गेला होता. मग हाक कोण मारत होतं? चुलतभावाने कधीतरी आपल्या कामासाठी टर्मिनलच्या सुरुवातीच्या सेटिंग्जमध्ये एक ओळ लिहून ठेवली होती, की सी कंपायलर म्हणून हाच वापर. ओळ राहिली, कंपायलर गेला. नवा कंपायलर शेजारीच बसला होता, त्याला कोणी विचारतच नव्हतं.

ती एक ओळ काढली, टर्मिनल बंद करून पुन्हा उघडलं, आज्ञा परत दिली. लांबलचक ओळी पळत राहिल्या आणि चाळीसएक मिनिटांनी काम संपलं. अंक एक दिवस उशिरा गेला. सरांनी काही म्हटलं नाही.

त्या रात्री मी संदेश वाचून समजले होते की हे काम मला जमणारं नाही. संदेशात तसं काहीच नव्हतं. तो माझ्याबद्दल नव्हताच, एका हरवलेल्या पत्त्याबद्दल होता. चूक वाचायची असते आणि ती वाचायला आपण साहित्यवाले तर शिकलेलो असतो. हस्तलिखितातला चुकलेला शब्द सापडला की आपण वही फेकत नाही, मागे मागे जाऊन बघतो की कोणी, कधी, कशावरून उतरवलं. लॅटिनमध्ये नापास झालेल्या मुलीने पुढे जे केलं ते याहून फार वेगळं नव्हतं.

पुढच्या अंकाची मांडणीही मीच करणार आहे. सोबतीला पहिल्या वर्षाच्या दोघी आल्या तर बरं. लॅपटॉप अडेल तेव्हा काय करायचं ते मी एका वहीत लिहून ठेवलंय.